लाल चिंधीची चावी

माझ्या लेकानं लातूरच्या घराला कॅमेरे बसवलेत. एक दारावर, एक जिन्यात. हा पुण्यात बसून मोबाइलवर बघतो आणि मला फोन करून विचारतो, आई, दूधवाला गेल्यावर दार उघडंच का ठेवलंस? मी म्हणते, बाबा, तुझी नजर चोरावर आहे की माझ्यावर? तो हसतो, आणि वर मलाच शिकवतो की दिवस खराब आलेत, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वीचं याला काय माहीत, डोंबल! पूर्वीची एक गोष्ट मी त्याला कधी सांगितलेली नाही, कारण त्या गोष्टीत चोर म्हणून माझंही नाव येतं.

लग्न होऊन मी उदगीरकडच्या वस्तीत आले, तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. साहेब नवे, जीपगाड्या नव्या, रस्त्यावरच्या पाट्या नव्या. पाणी तेवढं आलं नाही. पाऊस तोंड दाखवून गेला होता आणि वस्तीच्या विहिरीत तळाचे धोंडे दिसत होते. टँकर तीन दिवसांनी यायचा, तोही मर्जी झाली तर. शेतात काम नाही, म्हणून सगळी वस्ती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला. सकाळी सातला घरं रिकामी व्हायची, ती दिवस कलताना भरायची.

वस्ती आमची बौद्धांची. पंधरा घरं आणि मधे विहार. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पोलीस आधी आमच्याकडं यायचे, आणि मग ती कोंबडी पाटलाच्या कडब्यात सापडायची. पण आमच्या एकाही दाराला कुलूप नव्हतं. दार ओढलं, कडी घातली, झालं. माझी सासू म्हणायची की कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. शिवाय आत होतं काय चोरायला?

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात भरदिवसा दोन घरं फुटली. लोक खडीवर गेलेले, घरात चिटपाखरू नाही, चोरांचं आयतंच फावलं. मग ठाण्यातला एक शिपाई सायकलवर आला आणि विहाराच्या ओट्यावर बसून आम्हाला अक्कल शिकवून गेला. म्हणाला, आता तुम्ही जिल्ह्याची माणसं झालात, कड्या घालून कसं चालंल? कुलपं आणा, न्हाईतर तक्रार घेऊन येऊ नका.

झालं. आमची पुरुष मंडळी पुढच्या बाजाराला उदगीरला गेली. एकेकानं वेगवेगळं घेतलं तर महाग पडेल म्हणून सगळ्यांनी मिळून एकाच बोहऱ्याच्या दुकानी घासाघीस केली आणि एकाच खोक्यातली पंधरा कुलपं आणली. दाबलं की बसणारी, हाताच्या पंजाएवढी, पिवळीधमक. परत आल्यावर ऐट तर काय! माझा नवरा दोन दिवस सांगत होता की दुकानदाराला कसा जेरीला आणला. दुकानदार मनातल्या मनात किती हसला असेल ते आम्हाला नंतर कळलं.

आता चावी ठेवायची कुठं? दुसऱ्याच दिवशी एका बाईच्या पदराची गाठ सुटून चावी खडीच्या ढिगात गेली आणि तिच्या नवऱ्याला स्वतःचंच कुलूप दगडानं फोडून त्याच दुकानातून दुसरं आणावं लागलं. बायकांनी मग स्वतःच तोड काढली. वस्तीच्या तोंडाशी आत्याबाईंचं घर. आत्याबाई म्हणजे वस्तीची लेक, नवरा मेल्यावर माहेरी परत आलेली, भाच्याच्या घरी एका खोलीत राहणारी. एक पाय लहानपणापासून अधू, त्यामुळं खडीवर जाता येत नव्हतं. दिवसभर ओट्यावर बसून गोधड्या शिवायची. तिच्या भिंतीला पंधरा खिळे ठोकले आणि सगळ्यांनी आपापली चावी तिथं अडकवली. ओळखू यावी म्हणून प्रत्येकीनं आपल्या लुगड्याची चिंधी बांधली. आमची निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. शेजारच्या मावशीची लाल.

त्याच्या बदल्यात टँकर आला की कुणी ना कुणी आत्याबाईंची घागर भरून आणून द्यायचं. कुणी ठरवलं नव्हतं, पण चालत होतं. संध्याकाळी त्या प्रत्येकीला चावी हातात द्यायच्या आणि काहीतरी टोमणा मारायच्या. मला म्हणायच्या, घे बाई तुझ्या राजवाड्याची किल्ली. मला पहिल्यांदा दिवस गेलेले, पाचवा महिना चालू होता, आणि त्या म्हातारीशिवाय मला कुणी पोटभर हसवत नव्हतं.

तर एके दिवशी दुपारी खडी फोडता फोडता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कामावरचं पाणी संपलेलं. सासूनं मला लिंबाखाली जरा टेकायला पाठवलं. मी लिंबाखाली टेकले नाही. घरी डेऱ्यात तांब्याभर पाणी शिल्लक असल्याचं मला आठवत होतं, आणि तहान अशी लागली होती की मी मुकादमाची नजर चुकवून सरळ वस्तीकडं निघाले. त्यानं बघितलं असतं तर अर्धा दिवस खाडा मांडला असता.

ओट्यावर आत्याबाई नव्हत्या, आत कुठं तरी असाव्यात. हाक मारायला घशात ओल नव्हती. मी खिळ्यावरची चावी ओढली, घरी गेले, कुलूप उघडलं, डेऱ्यात हात घातला. डेरा कोरडा ठाक. सासूनं सकाळी निघताना ते पाणी शेळीला पाजलं होतं. मी तिथंच खाली बसले. तेव्हा माझं लक्ष हातातल्या चावीकडं गेलं. चिंधी लाल होती.

चावी मावशीची आणि उघडलं आमचं कुलूप. मला आधी काही कळेना. मग कळलं, आणि खरं सांगते, मला भीती वाटायच्या आधी आनंद झाला. कारण मावशीच्या घरी पाण्याची दोन पिंपं होती आणि तिच्या घराची चावी आत्ता माझ्या हातात होती. मी तिचं दार उघडलं. पिंपावरचं झाकण काढलं आणि एक तांब्या पाणी घटाघटा प्यायले. अर्धा आणखी. पदरानं तोंड पुसलं, कुलूप दाबलं, चावी खिळ्याला अडकवली आणि कामावर परत गेले. तिच्या घरातल्या दुसऱ्या कशाला मी बोट लावलं नाही. आजही शपथेवर सांगेन.

चार दिवसांनी मावशीच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. मुलीच्या गळ्यात घालायला म्हणून मावशीनं पेटी उघडली, तर बोरमाळ नाही. तिच्या आईची होती ती, एवढा एकच सोन्याचा डाग घरात. कुलूप जसंच्या तसं, दार शाबूत. मावशी उंबऱ्यावर बसून जी रडली, ती मला ऐकवेना. आणि मग साहजिकच सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. दार फुटलं नाही म्हणजे चावीनं उघडलं, आणि चाव्या कुणाकडं?

तोच शिपाई परत आला. त्यानं आत्याबाईंना सगळ्यांसमोर उभं केलं. तो पाय घेऊन त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. त्यानं विचारलं, गेल्या चार-पाच दिवसांत दिवसा वस्तीत कोण आलं होतं? आत्याबाई म्हणाल्या, कुणी न्हाई. मग खिळ्यावरची चावी कुणी हलवली होती? कुणी न्हाई, मी इथंच व्हते. तो हसला. म्हणाला, म्हातारे, कुणीच न्हाई तर मग तूच.

मी तिथं उभी होते. कुलपं सगळी सारखी आहेत हे सांगायचं, तर तुला कसं कळलं हा पुढचा प्रश्न होता. मावशीच्या घरात मी गेले होते. कामावरून लपून आले होते. नवी सून, परगावची. कोण म्हणणार की ही फक्त पाणी प्यायली? पोटातलं लेकरू घेऊन ठाण्यात बसायला लागेल, या एका विचारानं मी गप बसले. भेकड होते, दुसरं काय.

त्या संध्याकाळी एकेक बाई ओट्यावर गेली आणि आपापली चिंधी काढून घेऊन आली. कुणी भांडलं नाही. माझ्या सासूनंही आमची चावी आणली. भिंतीवर नुसते खिळे राहिले. आत्याबाईंच्या भाच्याला जाणत्या मंडळींनी बोलावून सांगितलं की येत्या रविवारी विहारात बैठक आहे, तोवर म्हातारीकडून माळ काढून घे, नाहीतर तिला दुसरीकडं ठेव. दुसरीकडं म्हणजे कुठं? सासरचं कुणी उरलं नव्हतं. ती बाई वस्तीतून गेली असती तर उदगीरच्या मोटार स्टँडवर बसली असती, हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी टँकर आला. रांगेत नेहमीप्रमाणं आत्याबाईंची घागर ठेवलेली होती, भाच्यानं ठेवली असेल. बायका पाणी भरत होत्या आणि ती घागर पायानं बाजूला सरकवत पुढं जात होत्या. मी स्वतः बघितलं. मावशीनं सरकवली, तिच्या मागच्या बाईनं सरकवली, आणि मग माझा नंबर आला. घागर माझ्या पायाशी होती. रिकामी घागर लाथेनं सरकवायची एवढंच काम होतं.

मला ते जमलं नाही. मी माझी कळशी तिथंच ठेवली, कमरेची निळ्या चिंधीची चावी काढली आणि मावशीच्या दाराकडं चालू लागले. मागून सासू ओरडली की काय करायलीस गं, पण मी थांबले नाही. सगळ्या वस्तीदेखत मी आमची चावी मावशीच्या कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. मग पलीकडच्या घराचं उघडलं. मग त्याच्या पलीकडचं.

तिसरं उघडल्यावर कुणाला काही सांगायची गरज राहिली नाही. पुरुष मंडळी आपापल्या चाव्या घेऊन धावली. याची त्याला, त्याची याला. पंधरा कुलपं, पंधरा चाव्या, आणि कुठलीही कुठंही लागत होती. माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लोक आधी हसले. मग हळूहळू हसू थांबलं, कारण प्रत्येकाला उमगलं की चार दिवस चोर म्हणून एका लंगड्या बाईकडं बोट दाखवलं, आणि चावी तर सगळ्यांच्याच हातात होती. मावशी टँकरवर गेलेली असताना कुणीही आपल्या चावीनं उघडलं असेल. बाहेरच्या कुणी त्याच खोक्यातलं आणखी एखादं कुलूप घेतलं असेल. बोरमाळ कुणी नेली ते आजतागायत कळलं नाही.

मी मावशीला पाण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मागितलं असतंस तर मी दिलं नसतं, पोरी. त्या दिवसात कुणी कुणाला देत नव्हतं." एवढं बोलून तिनं आत्याबाईंची घागर उचलली, टँकरच्या नळाखाली धरली आणि काठोकाठ भरून माझ्या डोक्यावर ठेवली. बैठक झालीच नाही.

मी घागर घेऊन आत्याबाईंकडं गेले. त्या आत अंधाऱ्या खोलीत गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. बाहेरचा गलका त्यांनी ऐकला होता. मी घागर उतरवली आणि पाया पडायला वाकले, तर पोटामुळं वाकता येईना. तशीच खाली बसले आणि सगळं ओकून टाकलं. लाल चिंधी, पाणी, भीती. म्हटलं, मला आधीपासून माहीत होतं आणि मी तुम्हाला चोर ठरू दिलं.

त्यांनी सुई गोधडीत खोचून ठेवली. म्हणाल्या, "मला बी म्हाईत व्हतं. त्या दिवशी तू मावशीच्या घरातून पदरानं तोंड पुसत निघालीस, मी दाराच्या फटीतून बघितलं."

मी विचारलं, मग शिपायाला सांगितलं का नाही?

"काय सांगू? मला वाटलं माळ तूच घेतली."

"तुम्हाला मी चोर वाटले?"

"वाटलीस की. म्हणून तर गप बसले. पोटुशी बाई, पयली खेप. माझं काय, मला कुठं बी बसवलं असतं."

मी रडायला लागले. त्या मला समजवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. लंगडत उठल्या, मी आणलेल्या घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. म्हणाल्या, उन्हातून आलीस, आधी पाणी पी.