भारत विरुद्ध यूएई, आणि आमची लेक

आमच्या घरात रग्बी शिरली ती माझ्या मर्जीविरुद्ध. लेक तेव्हा शाळेत होती. शारजातल्या अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवरून बसने दुबईच्या शाळेत जायची. एक दिवस दोन्ही गुडघे फोडून घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "मम्मा, आय टॅकल्ड अ बॉय!" मी म्हटलं, कप्पाळ माझं! एवढा भरतनाट्यमचा क्लास लावून दिलाय, तो सोडून ही मेली धक्काबुक्की? पण पोरीचा चेहरा इतका फुलला होता की पुढे बोलवेना. गुडघ्यांना हळद लावली.

आमच्या ह्यांना क्रिकेटच्या पलीकडे खेळ असतो हेच मान्य नव्हतं. अल क्वोजमध्ये एका स्पेअर पार्ट्सच्या गोडाउनचे मॅनेजर. आठवडाभर ट्रक, शुक्रवारी झोप. पण भारताचा मुलींचा रग्बी संघ आहे, आणि तो इथे यूएईशी खेळायला येतोय असं कळलं मात्र, हे ताडकन उठून बसले. खणातून तिरंगा काढला. "आपली टीम आलीय आणि आपण घरी बसायचं?" म्हणाले.

तो मी पाहिलेला पहिला सामना. दोन देशांचं वैर म्हणे! बघायला माणसं किती, तर बारशाला जमतात तेवढी. एका बाजूला आपल्या मुली. लहान चणीच्या, चिवट, बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेल्या. दुसऱ्या बाजूला यूएईची जर्सी घातलेल्या उंचपुऱ्या गोऱ्या बायका, आणि त्यांच्यात आमच्या लेकीची पीटीची टीचर! मला काही उमगेना. लेकीने समजावलं. रग्बीत पासपोर्ट लागत नाही. ज्या देशात तुम्ही पुरेशी वर्षं सलग राहिलात, त्याच्याकडून खेळता येतं. आयुष्यभर ज्या देशाने आम्हाला व्हिसाच्या शिक्क्यावर ठेवलं, तो देश एका खेळापुरता का होईना, 'या, तुम्ही आमचे' म्हणतो, हे ऐकून मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

आपण हरलो. लेक टीचरचं नाव घेऊन आनंदाने ओरडत होती आणि हे तिच्याकडे असे बघत होते, जशी काही तिने घरातली भांडी विकलीत.

तिथून ह्यांचा इतिहास सुरू झाला. पुढच्या वेळी आपण जिंकलो, तर घरी येईपर्यंत गाडीत एकच टकळी. "त्यांच्या टीममध्ये त्यांचं आहे कोण? भाड्याची माणसं सगळी!" लेक मागच्या सीटवर रडत होती. म्हणाली, "बाबा, दे लिव्ह हिअर. लाइक अस." ह्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. मग एका सामन्यात यूएईने शेवटच्या क्षणी बाजी मारली, तर दोन दिवस हे नीट जेवले नाहीत. जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा सगळा इतिहास ऐकावा लागे. कोण कुठे घसरली, रेफरी कसा आंधळा होता, आपण कसे जिंकता जिंकता राहिलो. पाहुणे बिचारे भारत आणि यूएई रग्बी खेळतात हेच पहिल्यांदा ऐकत असायचे.

लेक मात्र मन लावून खेळत राहिली. शाळा संपली, इथेच कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी आठवड्यातले तीन दिवस मैदानावर. तिची ती पीटीची टीचर आता यूएईच्या मुलींची कोच झाली होती. तिने लेकीला सरावाच्या गटात घेतलं. पुढच्या मोसमात जर्सी नक्की, असं तिला सांगितलंही. पोरगी घरात हवेत चालत होती. ज्या मुलींबरोबर दहावीपासून चिखल, घाम, पट्ट्या वाटून घेतल्या, त्यांच्याबरोबर उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं. देशबिश तिच्या डोक्यातही नव्हता.

आणि नेमका तेव्हाच भारताचा संघ इथे सामन्याला यायचा होता. त्यांच्या एका मुलीचा व्हिसा वेळेत झाला नाही. कुणीतरी सुचवलं, शारजात एक भारतीय पासपोर्टवाली मुलगी आहे, बरी खेळते. फोन आला.

लेकीने आधी कोचला विचारलं. कोच आमच्या घरी आली. माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि सरळ बोलली. एकदा भारताकडून मैदानात उतरलीस की तू भारताची. मग इथून कधीच खेळता येणार नाही. काही वर्षं थांबून देश बदलायची एक वाट असते, पण त्यासाठी स्वतःचा, नाहीतर आईबापांचा, आजीआजोबांचा जन्म तरी त्या देशातला लागतो. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, हिचा जन्म कुठला?

कराडचा. आणि कुठला असणार? पहिलं बाळंतपण माहेरी! बर दुबई भागातलं हॉस्पिटल आमच्या मनखूलच्या तेव्हाच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं. मी म्हटलं होतं, इथेच राहते. तर आई म्हणते लोक काय म्हणतील, सासूबाई म्हणतात पहिलटकरणीचं कोण करणार. सातव्या महिन्यात मला विमानात बसवलं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग झालं. बाळाला घेऊन मी इथे परतले तेव्हा कुणाला वाटलं होतं की त्या लाडवांपायी पोरीचं एक दार कायमचं लागेल! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कोच गेल्यावर लेक ह्यांच्यापुढे बसली. "बाबा, आय नीड टू थिंक. मी उद्या सांगते त्यांना." हे म्हणाले, "थिंक? यात थिंक करण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, तिला ठरवू द्या. तुम्हाला काय जातंय, मैदानात तिला उतरायचंय. ते हो हो म्हणाले आणि फोन घेऊन बाल्कनीत गेले.

सकाळी बघते तर फॅमिली ग्रुपवर झेंड्यांचा पाऊस! 'आपली लेक भारताकडून खेळणार.' हे रात्रीच टाकून मोकळे झालेले. पुण्याच्या काकांनी तर सोसायटीत पेढे वाटून त्याचे फोटोही पाठवले होते. साताऱ्याची आत्या, ठाण्याची मावशी, ज्यांनी रग्बीचा चेंडू गोल की लांबट हे कधी पाहिलं नाही, ते सगळे अभिमानाने रडत होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हेच. मी ह्यांच्यावर ओरडले, इतकी की शेजारच्या मल्याळी बाईने बेल वाजवून विचारलं सगळं ठीक आहे ना. लेकीने ते सगळे मेसेज वाचले आणि म्हणाली, "खलास. नाऊ हाऊ कॅन आय से नो?"

सामना झाला. ती बाकावर. हे पहिल्या रांगेत, गालावर तीन रंग. निकाल लागल्यात जमा असताना शेवटच्या काही मिनिटांसाठी तिला आत पाठवलं. एकदा चेंडू हातात आला, चार पावलं धावली, आणि तिला ज्या मुलीने पाडलं ती शाळेपासूनची तिची जिवलग मैत्रीण. तिनेच हात देऊन उठवलं. दोघीही एकमेकींकडे बघेनात. आपण हरलो, पण ह्यांना त्याचं काही नव्हतं. फोटो मिळाला होता.

पुढे काय व्हायचं? भारताची शिबिरं भारतात, आठवडेच्या आठवडे. हिच्या ऑफिसने रजा दिली नाही. तिथल्या मुली घरदार सोडून शिबिरात राबतात, जागा त्यांचीच, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. परत फोन आला नाही. इथे क्लबात खेळायला बंदी नव्हती. पण क्लबचा सराव संपला की बाकीच्या मुली राष्ट्रीय सरावाच्या गाडीत बसायच्या, आणि ही पार्किंगमध्ये बॅग घेऊन एकटी. एके दिवशी जायचीच थांबली. तेलही गेलं, तूपही गेलं. ह्यांचं मात्र चालूच होतं. "माझी मुलगी इंडिया खेळलीय!" बँकेतल्या माणसाला, लिफ्टमधल्या माणसाला, कुणालाही.

या वर्षी तिने रेफरीचा कोर्स केला. शिट्टी घेऊन पोरांचे सामने चालवायला लागली. इतक्या दिवसांनी घरात तिची गुणगुण ऐकू आली. मी हात जोडले, म्हटलं चला, काहीतरी हाती लागलं पोरीच्या.

परवा जेवताना हे एकदम खुशीत आले. "अगं, मोठी रेफरी झालीस की भारत-यूएईची मॅच तूच चालवशील! विचार कर, दोन्ही टीम तुझ्या शिट्टीवर!"

लेक ताटातला भात चिवडत होती. म्हणाली, "नाही बाबा. त्या मॅचला दोन्ही देशांतला रेफरी चालत नाही. न्यूट्रल लागतो."

"मग तू न्यूट्रलच की! जन्म तिकडे, वाढलीस इकडे. तुझ्याएवढं न्यूट्रल कोण मिळणार त्यांना?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "नो बाबा. आय ॲम इंडिया. फॉर लाइफ. यू पोस्टेड इट, रिमेंबर?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलून सावरून घेईन म्हणून. इतकी वर्षं घेतलंच होतं ना सावरून. मी लेकीच्या ताटात आमटी वाढली.