टीचर मार्सेलीनचा शुक्रवारचा शब्द

सेंट लुसियातल्या आमच्या गावात इंग्रजी म्हणजे शाळेत घालायचे बूट. घराच्या दारात आलं की काढायचे आणि पाटवात, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत, अनवाणी फिरायचं. आईची शिवी पाटवात, देवाचा धावा पाटवात, बकरी हाकायची तीही पाटवातच; दुसऱ्या भाषेत बकरी जागची हलत नाही. असल्या पोरांना इंग्रजी शब्दांचे अर्थ समजावणं हे टीचर मार्सेलीनचं आयुष्यभराचं काम. थोराड अंगाची बाई, आवाज शंखासारखा. तिचा वर्ग आणि माझं दुकान यांच्यात फळ्यांची एकच भिंत, त्यामुळे खारा मासा तोलता तोलता मी तिचं सगळं शिकवणं ऐकलेलं.

सरकारी पुस्तकात एका शब्दाचा अर्थ सांगायला तीन अवघड शब्द आणलेले असत. टीचर म्हणायची, "खड्ड्यात पडलेल्याला दोर टाकायचा, का वरनं आनखी माती?" तिचे अर्थ गावातलेच. 'नेबर' म्हणजे ज्याच्या चुलीवर काय शिजतंय ते आपल्याला वासावरनं कळतं, तो. आणि दर शुक्रवारी एक शब्द ती जिवंत माणसानं दाखवायची. 'मिडवाइफ'ला गावची सुईण आली; अर्धा वर्ग तिच्याच हातावर जन्मलेला. 'लेझी'ला टीचरनं सख्ख्या भावाला बोलावलं. तोही आला, पण शाळा सुटल्यावर.

त्या शुक्रवारचा शब्द होता 'विडो'. त्यासाठी आली मा उफ्रेझ. तिचा नवरा ओनोरे मासेमारीला गेला तो परतलाच नाही. त्याची रिकामी होडी गावातल्याच सेराफँ कोळ्यानं ओढून आणली होती. प्रेत नव्हतं, तरी आम्ही तिच्या अंगणात रात्र जागवली, रम प्यालो, गाणी म्हटली. तेव्हापासून मा डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात. वर्गासमोर उभं राहायचं म्हणून काळ्या फडक्याला इस्त्री करून आली होती.

"विडो म्हंजे," टीचर म्हणाली, "जिचा दादला मेलाय ती बाई. जशा या आपल्या मा उफ्रेझ."

तेवढ्यात सेराफँची धाकटी, झेलीन, उठून उभी राहिली. "पन टीचर, ओनोरे मेलेला न्हाई."

"खाली बस गं."

"न्हाई, खरंच! सुट्टीत बाबासंगं होडीतनं पल्याडच्या मार्टिनिक बेटावर गेलते, तवा भेटला. त्याचा डावा कान अर्धाच हाय. मला खोबऱ्याची वडी दिली. मा, तुमची लंगडी गाय व्याली का म्हनून इचारत हुता. त्याच्या मांडीवर बाळ हुतं."

माझ्या हातातला तराजू तसाच लटकत राहिला. भिंतीपलीकडे चाळीस पोरं, तरी टीचरच्या हातून खडू पडला तो मला इथं ऐकू आला. त्या कानाचा तुकडा लग्नाआधी माच्याच कुत्र्यानं तोडला होता. पोरीनं रचून सांगावं अशी ती गोष्टच नव्हती.

आमच्या होड्यांवर एक नियम आहे. मासे विकायला मार्टिनिकला सगळेच जातात, पण त्या किनाऱ्यावर जे दिसलं ते या किनाऱ्यावर बोलायचं नाही. नियम पुरुषांचा. पोरीला पहिल्यांदाच होडीत घेतली, तेव्हा तिला तो सांगायचं सेराफँच्या ध्यानातच आलं नाही.

मा उफ्रेझ वर्गातून निघाली ती तडक किनाऱ्यावर. मागे टीचर, तिच्या मागे दुकान उघडं टाकून मी. सेराफँ जाळं सांधत होता.

"माझ्या अंगनात ऊर बडवून रडलास की रं तू!" मा म्हणाली.

त्यानं तिचा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं. "खरं रडलो, मा. तवा ठावं नव्हतं. पुढच्या साली कळलं."

"आनि कुनाकुनाला कळलं?"

सेराफँ परत जाळ्याच्या गाठीकडे वळला. जाळी विणणारे सगळेच माना खाली घालून बसलेले. एकजणही वर बघेना. अख्ख्या किनाऱ्याला माहीत, आणि ही बाई दर रविवारी ओनोरेसाठी मेणबत्ती लावत होती. मला यातलं ठाऊक नव्हतं, पण त्यांना बोलायला मला तरी कुठं तोंड होतं? माझ्या दुकानातल्या रमची पिंपं हेच लोक तिकडून चोरून आणायचे.

"होडी काढ," मा म्हणाली.

"मा, आता वारं..."

"होडी काढ म्हनलं!"

टीचरही तिच्याबरोबर चढली. "शब्द मी काढला," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी परत लागली तेव्हा सगळं गाव वाळूत उभं. टीचर आधी उतरली. तोंड पांढरं, शंख जणू फुटलेला. मा तिच्या मागनं, परकर वर खोचून.

सुईणीनं विचारलं, "भेटला?"

"मासं खवलत बसलावता. मला बघून उठला. माझं काळं बघितलं अन् पयलं काय इचारलं ठावं हाय? 'कोन गेलं गं, उफ्रेझ?'"

"मग?"

"'तू,' म्हनलं. अन् मागं फिरले."

टीचर मार्सेलीननं त्यानंतर वर्गात माणूस उभं केलं नाही. बकऱ्या, भांडी, निरफणस, एवढ्यावर भागवायची. फळ्यावर राहिलेला 'विडो' मात्र तिला पुसवेना. तो पोरांनीच कधीतरी पुसला. माचं काळं तसंच राहिलं. जिवंत नवऱ्याचं सुतक पाळणं पाप आहे म्हणून पाद्र्यानं चर्चच्या पायरीवर तिला हटकलं, तर ती म्हणाली, "फादर, तुमी बगितलाय का त्याला? मी सोता जाऊन बगून आलीया. मेलाय."