नऊ नोकऱ्या गाळलेला अर्ज

हवालदार सायकल ओटीला टेकवून आत आले, आणि त्यांना 'बसा' म्हणायच्या आधी मी सायकलीपाशी गेलो. चेन उतरली होती. हात गेलाच. चेन बसवली, थेंबभर तेल सोडलं, पेडल उलटं फिरवून पाहिलं आणि सवयीनं बोलून गेलो, "दोन दिवस वापरून बघा. कुरकुर केली तर घेऊन या."

हवालदारांनी वही उघडली. "म्हणजे दुरुस्तीची कामं घेता?"

"छे छे!" मी काळे हात पाठीमागे नेले. "मी काहीच करत नाही. तीन वर्षं घरी बसून आहे."

आपण रिकामटेकडे आहोत हे पोलिसाला इतकं ठासून सांगणारा संसारी माणूस त्यांनाही पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी ते लिहून घेतलं.

झालं होतं असं. मी इंजिन फिटर. माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढली. ते बंद पडलं, तसा मुरुडजवळच्या आमच्या गावी परत आलो. पुढची तीन वर्षं मिळेल ते काम केलं. कुठे भातगिरणीचं इंजिन, कुठे पाण्याचा पंप, कुठे मच्छीमारांची होडी. कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने. अशा नऊ नोकऱ्या झाल्या. अलिबागच्या एका सरकारी ऑफिसात अर्ज केला तेव्हा त्या नऊच्या नऊ मोठ्या हौसेनं लिहिल्या. अर्ज परत आला. क्लार्क म्हणाला, "नऊ ठिकाणी टिकला नाहीत, इथे काय टिकणार?"

माझा मेहुणा मुंबईला बँकेत होता. त्याला अर्जांतलं फार कळतं असा आमच्या घरात समज होता. तो म्हणाला, "भावोजी, बारकी कामं गाळा. माझगाव तेवढं ठेवा. कोण बघतंय?"

काही महिन्यांनी दुसऱ्या एका खात्याच्या वर्कशॉपात फिटरची जागा निघाली. त्यांच्या लाँचची इंजिनं सांभाळायची. वयाची अट ओलांडायला मला दोन महिने उरले होते. ही हुकली तर सरकारी नोकरी जन्मात नाही. पदरात दोन पोरं. मी नऊ नोकऱ्या गाळल्या, रकान्यात 'घरी' असं लिहिलं आणि गावात सगळ्यांना बजावलं, "कोणी चौकशीला आलं तर माझ्या कामांबद्दल अवाक्षर काढू नका."

कोण बघतंय, तर पोलीस बघतात. सरकारी नोकरीत घेण्याआधी उमेदवार कुठे राहत होता, काय करत होता, याची गावात जाऊन चौकशी होते. तिला व्हेरिफिकेशन म्हणतात. मेहुण्याच्या बँकेत ही भानगड नव्हती.

हवालदार आमच्याकडून उठून शेजारच्या साखूकाकीकडे गेले. मी कुडाआडून ऐकत होतो.

"हा मनोहर काय काम करतो, बाई?"

"त्यो? काम?" साखूकाकी हसलीच. "जलमात पाना हातात धरला न्हाय त्यानं!"

तिच्या विहिरीवरचा पंप मी आदल्याच आठवड्यात जोडून दिला होता. तो मागे फटफट वाजत होता.

पुढे पोलीस पाटील. हे आमचे दादाकाका. गावाची अब्रू सांभाळायची म्हणून त्यांनी खाकरून घसा साफ केला. "एकदम सोच्छ मानूस हाय. कामाचा डाग न्हाय अंगावर."

"मग खातो काय?"

दादाकाकांना याचं उत्तर पढवायचं मी विसरलो होतो. ते म्हणाले, "त्याचं त्यालाच ठावं."

आठ दिवसांनी त्या खात्याच्या अलिबागच्या वर्कशॉपातून बोलावणं आलं. तिथले साहेब तिशीचे, चष्मेवाले, आवाज मऊ. आवाज मऊ असला की मला जास्त भीती वाटते.

"पोलिसांचा अहवाल वाचून दाखवतो," ते म्हणाले. "'उमेदवार तीन वर्षे कोणतेही काम करीत नाही. याबद्दल संपूर्ण गावाचे एकमत आहे. उदरनिर्वाहाचे साधन अज्ञात.' आता तुम्हीच सांगा. घर समुद्रकाठी. लाँचची इंजिनं कळतात. काम काही नाही, तरी घर चालतं. मुंबई राज्यात दारूबंदी आहे. मी काय समजू?"

बाटल्यांची चोरटी ने-आण करणाऱ्यांच्या रांगेत साहेबांनी मला नेऊन बसवलं होतं. मी सगळं ओकलो. नऊ नोकऱ्या, मेहुणा, साखूकाकी.

"अर्जात खोटी माहिती दिली तर अर्ज रद्द होतो, ठाऊक आहे?"

"खोटं नाही साहेब, गाळलंय."

"सोमवारी सकाळपर्यंत लेखी पुरावा आणा. नाहीतर दुसऱ्या उमेदवाराला पत्र जाईल."

तो शुक्रवार होता. मी तसाच एस.टी.नं रोह्याला भातगिरणीवर गेलो. शेटजी म्हणाले, "चिठ्ठी देतो की. तुम्ही आलातच आहात तर जरा पट्ट्याकडे बघा, फार घसरतो." पट्टा नीट करण्यात संध्याकाळ झाली, मग चिठ्ठी मिळाली.

शनिवारी मुरुडला हसनमियांकडे. त्यांच्या होडीला नवं डिझेल इंजिन होतं. "चिठ्ठी देतो रे बाबा, पण आधी हिच्याकडे बघ. सकाळधरनं रुसलीय." डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन धापा टाकून बंद पडतं. ती हवा काढण्याला आम्ही ब्लीडिंग म्हणतो. मी ब्लीडिंग केलं. होडी सुरू झाली. हसनमिया खूश होऊन मला बसवून खाडीभर फिरवायला निघाले. "हसनमिया, चिठ्ठी!" मी ओरडत होतो. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते माझे आभार वाटले असावेत.

रविवारी खाडी ओलांडून हरिहरेश्वर. तिथे यात्रेकरूंची खाणावळ चालवणारे अप्पा मला बघून उठूनच उभे राहिले. "देवानंच धाडलं! पंप बंद आहे आणि पंगत बसायचीय." पुढचं सांगायला नको.

तीन दिवसांत नऊपैकी तीन चिठ्ठ्या जमल्या. सोमवारी तेलकट सदऱ्यानिशीच साहेबांपुढे उभा राहिलो. तिन्ही चिठ्ठ्या साहेबांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.

"तिघंही लिहितात, काम उत्तम. मग काढलं का?"

"काढलं नाही साहेब. काम संपलं. मशीन चालू झालं की फिटरला कोण ठेवून घेतं?"

"म्हणजे तुम्ही नीट दुरुस्त केलंत म्हणून तुमची नोकरी गेली? प्रत्येक वेळी?"

"होय साहेब."

साहेबांनी खिडकीतून वर्कशॉपच्या आवाराकडे पाहिलं. तिथे दोन लाँच उघड्या पडल्या होत्या, एकीत कोंबडी बसली होती. "इथे ती काळजी नको," ते म्हणाले. "आमचं काम संपत नाही."

चिठ्ठ्या जोडून सुधारलेला अर्ज त्यांनी पुढे पाठवला आणि नेमणूक झाली. यातून मी एवढंच शिकलो की फॉर्मचा रकाना लहान असला तर जादा कागद जोडावा. आणि गावाला काही सांगायचं झालं, तर निम्मंच सांगावं. बाकीचं ते मनानं भरतात.

ऑर्डर आली तेव्हा मी पेढे आणायला बाहेर पडत होतो. बायकोनं कागद हातात घेतला आणि बोट ठेवून सावकाश वाचला. 'तात्पुरत्या स्वरूपात, तीन महिन्यांकरिता.'

"चांगलं झालं," ती म्हणाली. "ही दहावी. ही लिहायची की गाळायची, ते माझ्या भावाला आजच विचारून ठेवा."