भिंतीपलीकडच्या टाळ्या

इस्लामपूरजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि भिंतीपलीकडं मराठीच्या बाई. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जितक्या मात्रा तितक्या टाळ्या. कवितेची ओळ असो, पोरांची नावं असोत, नाहीतर नव्यानं आलेल्या केबलवरची जाहिरात, बाई सगळं वाजवून घ्यायच्या. इकडं माझा एकोणीसचा पाढा चाललेला आणि पोरांचे कान भिंतीला.

एकदा त्यांनी विचारलं, ऱ्हस्व-दीर्घ मिळून चार मात्रा किती तऱ्हांनी भरतील? पोरांनी चिंचोके मांडून पाच तऱ्हा काढल्या. बाईंनी त्यांना माझ्याकडं धाडलं. "गणिताचं गुरुजी हायत तितं. बरूबर हाय का इचारून या."

बरोबरच होतं. गणित माझं, आणि हसणंखिदळणं त्यांच्या वर्गात! वर माझा मान राखायची ही त्यांची रीत मला शिवीपेक्षा झोंबली.

संध्याकाळी जेवताना माझी लेक ताटावर बोटं वाजवत होती.

"काय वाजवतीस गं?"

"बाईंचं नाव."

"मग माझं वाजव की."

तिनं हात मागं घेतला. "नगं आप्पा. तुमी लगीच चुका काढतासा."