‘चालेल’चं जर्मन

चहा घ्या, गार होतोय. बिस्किटं एकदम संपवू नका, गोष्ट अजून सुरूही झालेली नाही. माणूस दोन शब्दांत किती माती खाऊ शकतो, ते सांगतो तुम्हाला. मी खाल्लीय. पोटभर खाल्लीय, आणि तीही परदेशात, स्वतःच्या सासऱ्यांसमोर.

आधी सासऱ्यांचंच सांगतो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निम्मं आयुष्य धरणांवर गेलं, आणि उरलेलं निम्मं त्या धरणांपर्यंत पोचवणाऱ्या सरकारी जीपमध्ये. माणूस सोन्यासारखा, पण कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. हापूस कसा आहे अण्णा? चालेल. मुलगी बोर्डात झळकली अण्णा. चालेल.

मृदुलाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, माझं नाव घरी सांगितलं तेव्हा मी भेटायला गेलो होतो. नोकरी सांगितली, घर सांगितलं, चिवडा खाल्ला. बाहेर पडून जिन्यात चपला घालत होतो, तर आतून निकाल ऐकू आला. ‘चालेल.’

मला वाटलं, संपलं आपलं. आणि दुसऱ्या दिवशी पेढे आले! कारण त्या घरात अण्णांचं ‘चालेल’ म्हणजे प्रथम वर्ग, विशेष प्रावीण्यासह. त्याच्या वर त्यांच्याकडे शब्दच नाही. आता इतकी वर्षं त्या घरचा जावई आहे म्हटल्यावर मलाही तीच सवय लागली. मला एखादी गोष्ट फार आवडली की माझ्या तोंडून काय निघतं? बरोबर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही राहतो ड्रेस्डेनला. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात मशिनं सांभाळतो, तिथे सगळं बोलणं इंग्रजीत. जर्मन मला येतं, म्हणजे सर्टिफिकेट आहे. आमच्या भागातले लोक ‘हो’ म्हणायला ‘नू’ म्हणतात. पहिले कित्येक महिने मला वाटायचं, ही माणसं मला प्रत्येक गोष्टीला नाही का म्हणतायत? यावरून काय तो अंदाज घ्या. मृदुला इथे बालवाडीत शिकवते, तिचं जर्मन पोरांकडून शिकलेलं, अस्सल.

तर मला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात एक जुनी लष्करी जीप सापडली. इंजिन मी स्वतः उघडून बसवलं, ते आपलं कामच आहे. सीटा मात्र उंदरांनी खाल्ल्या होत्या. खाली नुसत्या स्प्रिंगा, आणि त्यांत एक सोडून दिलेलं घरटं.

त्याच सुमाराला अण्णांचा फोन आला. म्हणाले, ‘या वेळी येतो म्हणतो. पुढच्या वेळी एवढा प्रवास झेपेल असं वाटत नाही.’ हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले.

फोन ठेवून मृदुलाने खिडकीतून खाली उभ्या जीपकडे बघितलं. मग म्हणाली, ‘निवृत्तीच्या दिवशी अण्णा जीपची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून आले ना, त्यानंतर ते जीपमध्ये बसलेलेच नाहीत. तुझ्या जीपने त्यांना एखाद्या धरणावर ने.’

आमच्याकडे वर डोंगरात जुनी दगडी धरणं आहेत, टालश्पेरे म्हणतात त्यांना. मला ते एकदम पटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. अण्णांना जीपमध्ये बसवायचं आणि धरण दाखवायचं. आणि बसवायचं तर रेक्झिनवर नाही, खऱ्या चामड्यावर. अण्णांनी फोनवर एकच अट घातली, ‘गाईचं नको हं, निखिलराव.’

पुण्यात आपण ज्याला कुशनवाला म्हणतो ना, त्या कामाचं इथे रीतसर शिक्षण असतं, परीक्षा असते, आणि त्यात शेवटपर्यंत टिकलेल्याला माइस्टर म्हणतात. शहराबाहेरच्या एका गावात फ्राऊ वेंडलर नावाच्या बाई अशा माइस्टर होत्या, आणि आपण माइस्टर आहोत हे त्या समोरच्याला विसरू देत नसत. उंचपुरी बाई, चष्मा कपाळावर, हातात भली मोठी कात्री. घोड्यांची खोगिरं शिवायच्या, जुन्या गाड्यांच्या सीटा शिवायच्या. लोक लांबलांबून गाड्या घेऊन यायचे.

मी म्हटलं, ‘चामडं म्हशीचं हवं.’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहिलं.

‘म्हशीचं?’

‘गेनाऊ,’ मी म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. ‘धार्मिक.’

पुढे काही विचारलं नाही. जर्मन माणसाला कारण दिलं की तो शांत होतो.

काही दिवसांनी बाईंनी म्हशीच्या चामड्याचा तुकडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. काय चामडं होतं! गडद तपकिरी, जाड, हाताला किंचित खरखरीत. हुबेहूब अण्णांच्या जुन्या सरकारी फायलींच्या पाकिटाचा रंग. माझं मन भरून आलं.

‘आल्झो,’ म्हणजे काय मग, बाई म्हणाल्या, ‘आवडलं का?’

आता सांगा, मी काय म्हणणार? मनापासून, अगदी आतून शब्द आला. चालेल. त्याचं जर्मन मी मनातल्या मनात केलं. चालणं म्हणजे गेहेन. मग चालेल म्हणजे काय? ‘एस गेट.’ सोपं आहे की नाही? आणि ते म्हणताना मान हलवली, आपली ती डावीउजवीकडे झुलणारी.

बाईंनी तुकडा उचलला आणि तडक आत गेल्या. जरा वेळाने दुसरा घेऊन आल्या, म्हशीचाच, पण मऊ, चकचकीत. मी म्हटलं, ‘एस गेट, एस गेट.’ हाही चालेल. बाई पुन्हा आत. आता आला तिसरा, मधासारख्या रंगाचा, लोण्यासारखा. मला वाटलं, काय ही निष्ठा! गिऱ्हाईक पहिल्याच फटक्यात खूश आहे तरी बाई सगळे नमुने दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या एवढ्या आवडीने दाखवतायत म्हणून मी मधाचा रंग घेतला. त्यालाही एस गेटच म्हटलं. भेदभाव कशाला?

पुढच्या वेळी गेलो तर एक सीट शिवून तयार. साधी, सरळ शिवण, कुठे सुरकुती नाही.

‘कशी वाटते?’

मी बसून पाहिलं, उठून पाहिलं. ‘एस गेट,’ मी हसून म्हटलं. वर त्यांना बरं वाटावं म्हणून जोडलं, ‘एश्ट.’ म्हणजे खरंच.

बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत कात्री उचलली आणि शिवण उसवायला घेतली. मी थक्क! कारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या कुलकर्णीला सांगितलं, ‘अरे, याला म्हणतात जर्मन क्वालिटी. मला आवडलं तरी तिला आवडलं नाही.’ कुलकर्णीने ते पुढे चारजणांना सांगितलं.

त्यानंतर दुहेरी शिवण आली. एस गेट. ती उसवली. मग आतला स्पंज बदलला, कडेला गोट लावला. एस गेट. तोही गेला. दर खेपेला सीट जास्त श्रीमंत होत होती आणि बाईंचं तोंड जास्त बारीक. मला वाटायचं, बिचाऱ्या कामाने थकल्यात. जाताना म्हणायचो, ‘एवढी मेहनत नका घेऊ हो, माझ्यासाठी पहिलीसुद्धा चालली असती.’ याचं जर्मन मी काय करत असेन, ते तुम्हीच करा.

या सगळ्यात अण्णा येऊन दाखल झाले.

पहिल्याच सकाळी खाली उतरून त्यांनी जीपला एक फेरी घातली. वाकून चासी पाहिली, टायरवर बोट दाबलं. मग आत डोकावले. आत सीटांच्या जागी पत्रा.

‘बसायचं कुठे?’

‘सीटा शिवायला दिल्यात अण्णा. येतीलच.’

‘बरं.’

आणि मग रोज चहाचा कप घेऊन ते बाल्कनीत उभे राहायचे आणि खाली उभ्या जीपकडे बघायचे. विचारायचे काही नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या परतीचा दिवस जवळ यायला लागला तसं मला त्या बाल्कनीकडे बघवेना. मृदुला एवढंच म्हणाली, ‘त्यांना काय पाटावर बसवून नेणार आहेस?’

शेवटी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेऊन अण्णांसह वर्कशॉप गाठलं. बाईंनी सीटवरचं कापड काढलं. मधाचा रंग, त्यावर चौकटी चौकटींची शिवण, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर चामड्यानेच मढवलेलं बटण. एखाद्या महाराजांची जीप वाटली असती. बाईंनी हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं.

‘आल्झो, हेर जोशी?’

मला वाटलं, आता हिला पुन्हा उसवायला वाव द्यायचा नाही. इतकं कौतुक करायचं की विषय संपला पाहिजे. मी दोन्ही हात पसरले, मान झुलवली आणि सगळा जीव ओतून म्हणालो, ‘एस गेट, फ्राऊ वेंडलर! आलेस गेट!’ म्हणजे सगळंच चालेल.

बाईंनी कात्री टेबलावर ठेवली. अगदी हळू ठेवली. त्याचीच भीती वाटली.

‘हेर जोशी,’ त्या म्हणाल्या, ‘माझं काम कुणाला आवडतं, कुणाला नाही. पण दर खेपेला हसत हसत तोंडावर असं कुणी म्हटलेलं नाही. तुम्ही दुसरीकडे करून घ्या. फायरआबेंड.’

आणि दिवा बंद केला.

अण्णांनी मला विचारलं, ‘काय म्हणाल्या बाई?’

‘काही नाही अण्णा. आजचं काम संपलं म्हणाल्या.’

‘रागावल्यात त्या.’

‘नाही हो अण्णा, जर्मन भाषाच तशी आहे.’

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी ठेकेदाराकडे बघत असतील, तसं.

घरी आल्यावर मृदुलाने उलटतपासणी घेतली.

‘तू नक्की काय म्हणालास?’

‘छान म्हणालो.’

‘कुठल्या शब्दांत?’

‘एस गेट.’

ती खालीच बसली. ‘प्रत्येक वेळी?’

‘प्रत्येक वेळी. चालेल म्हणजे एस गेटच ना?’

‘अरे, दाढ काढून आलेल्याला कसं वाटतंय विचारलं की तो म्हणतो एस गेट. हॉस्पिटलातल्या जेवणाला म्हणतात एस गेट. म्हणजे ढकलतोय कसंतरी. आणि तू त्या बाईला तिच्या तोंडावर सांगत होतास, की बाई गं, तुझं काम कसंतरी ढकलण्यासारखं आहे, आणि पहिलं होतं तेही तसंच?’

‘हसत हसत,’ मी म्हटलं.

‘आणि मान हलवत,’ अण्णा कोपऱ्यातून म्हणाले.

रात्री झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको. मला एकेक खेप आठवत होती. ती कात्री, ते बारीक होत गेलेलं तोंड. कुलकर्णीला सांगितलेली जर्मन क्वालिटी. पण सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर अण्णांची ती बाल्कनी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बोलायचं काम मृदुलाने माझ्याकडे ठेवलंच नाही. तिने बाईंना सगळं समजावलं, चालेल म्हणजे काय, आमच्या घरात त्याचा अर्थ काय. माझ्याकडे बोट दाखवून जिन्यातला निकालही सांगितला. बाई मधे एकदाही हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि अण्णांकडे वळून मृदुलाला विचारलं, ‘म्हणजे यांनी या माणसाबद्दल एवढंच म्हटलं, आणि लग्न झालं?’

‘झालं,’ मृदुला म्हणाली.

‘नू,’ बाई म्हणाल्या. या वेळी मला कळलं, हे हो आहे.

तोवर अण्णा कोपऱ्यातल्या उरलेल्या तुकड्यांच्या टोपलीपाशी गेले होते. त्यांतून त्यांनी एक गडद तपकिरी तुकडा काढला. तोच, पहिला. अंगठ्याने दाबला, उजेडात धरला.

‘हे का नाही घेतलं? त्या चौकटींवरून माणूस घसरेल. साधी शिवण घाला याला. हे चालेल.’

शेवटच्या शब्दाला बाईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी तुकडा अण्णांच्या हातून घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि कामाला लागल्या. मी पहिल्या खेपेला, पहिल्या क्षणी जे पसंत केलं होतं, अगदी तेच शिवून झालं. अण्णांच्या परतीच्या आदल्या दिवशी सीटा जीपमध्ये बसल्या.

आम्ही लगेच निघालो. अण्णा माझ्या शेजारी, मृदुला मागे. जंगलातला रस्ता, चढण, गिअरचा तो ओळखीचा आवाज. अण्णांचा हात सीटच्या कडेवरून सारखा फिरत होता. धरणावर पोचलो तर उतरायची घाई नाही. बसल्या जागेवरून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

‘गळती नाही,’ म्हणाले. डोळे पुसले, चष्मा पुसला. आधी काय पुसलं ते मी बघितलं नाही.

परतताना त्यांनी सीटला पाठ टेकली. मग म्हणाले, ‘सीट चालेल.’ आणि गाव जवळ आल्यावर, ‘गाडीपण चालेल.’

मला इतकं बरं वाटलं, की एक वळण चुकलं.

जाता जाता बाईंकडे थांबायचं होतं. नवी शिवण माणूस बसल्यावर कशी ताणली जाते, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी शिवणीवरून नख फिरवलं आणि अण्णांना एकेक अक्षर तोलत विचारलं, ‘चा-ले-ल?’

‘चालेल,’ अण्णा म्हणाले.

बाई पहिल्यांदा हसल्या. मग माझ्याकडे बोट करून मृदुलाला म्हणाल्या, ‘आणि हे?’

मृदुलाने मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. वेळ घेतला.

‘एस गेट,’ ती म्हणाली.

दोघी पोट धरून हसायला लागल्या. अण्णा माझ्या कानाशी वाकले. ‘काय म्हणाली हो ती?’

मी म्हटलं, ‘चालेल म्हणाली, अण्णा.’

‘मग? मी तेव्हाच म्हणालो होतो,’ अण्णा म्हणाले.