बाराव्या भाकरीला

घड्याळ नावाच्या यंत्राची गरज नसलेली एकच व्यक्ती सोलापुरात उरली आहे, आणि ती आमच्या समोरच्या घरात राहते. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते. कडक भाकऱ्या करून विकणं हा त्यांचा धंदा आणि भाकरी हेच त्यांचं काळाचं माप. सिद्धेश्वराला जाऊन यायला त्यांना वीस भाकऱ्या लागतात. परवा गेलेली लाइट नऊ भाकऱ्यांनी आली. मैदानावर एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून आल्या आणि म्हणाल्या, "पन्नास भाकऱ्या बोललं की ओ ते, पर पीठ काय भिजवलं न्हाय." काळ-काम-वेगाची उदाहरणं घालून मी जन्मभर शाळेतल्या पोरांना रडवलं. मामी तीच उदाहरणं परातीत सोडवतात, याची मला थोडी असूयाही वाटते.

सकाळी त्यांची थाप सुरू झाली की एका बैठकीत साठ भाकऱ्या होतात. माणसांशी त्या मराठीत बोलतात आणि चुलीशी कानडीत, कारण "चुलीला मराठी कुटं कळतंय?" त्यांचे यजमान, म्हणजे मामा, भाकऱ्या टोपल्यात रचतात आणि दोन्ही भाषांत गप्प असतात.

गेल्या वर्षी मिरची भजी जरा जास्त झाली आणि माझ्या छातीत जळजळलं. मामींनीच पिठाच्या हातानं मला रिक्षात घातलं. दुपारपर्यंत कार्डिओग्राम, इको, सीटीवर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो, सगळं उरकलं आणि काही म्हणजे काही निघालं नाही. "मास्तरचं काळीज लई चांगलं हाय," मामींनी गल्लीत जाहीर केलं, "जीभ तेवढी वाईट."

त्याच मामी यंदा अंगणातून मला सांगत होत्या, की थापताना पाठ भरून येते, जबडा धरतो, दम लागतो. "आदी चाळिसाव्या भाकरीला व्हायचं. मग तिसाव्याला, मग अठराव्याला. आता बाराव्यालाच हात खाली येतोय." मी म्हणालो, पित्त असेल, ओवा खा. आतून आमची मंडळी लाटणं घेऊनच बाहेर आली. "तुम्हाला ढेकर आला तर हृदयाचे फोटो, आणि त्यांना ओवा?" एवढंच बोलून तिनं पायांत चपला घातल्या. मी निमूटपणे रिक्षा आणायला गेलो.

डॉक्टरीणबाई मूळच्या बार्शीकडच्या. जिने किती चढता, असं त्यांनी विचारलं. "जिना न्हाय आमच्यात. भाकरीत इचारा की," मामी म्हणाल्या. बाईंनी पेन खाली ठेवून चाळीस, तीस, अठरा, बारा हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि कागदावर तसंच लिहिलं. बसल्या जागचा कार्डिओग्राम चांगला आला. मग मामींना इरकल लुगड्यासकट चालत्या पट्ट्यावर चढवलं. उतरल्यावर त्यांची तक्रार एकच, "एवढं चालले, आन् हाय तितंच." पट्ट्यावरून धड काही ठरेना. बायकांच्या बाबतीत पुष्कळदा असं होतं, म्हणून बाईंनी सीटीवर फोटो काढायला सांगितलं.

तिथे खोळंबा झाला. गळ्यातलं काढा, नाहीतर फोटो बिघडेल, असं तंत्रज्ञ म्हणाला. मंगळसूत्र लगेच निघालं. पण मामी लिंगायत; गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं, म्हणजे करडग्यातलं, इष्टलिंग दीक्षा झाल्यापासून कधी अंगावेगळं झालेलं नव्हतं. मामी टेबलावरून उतरल्या. "ऱ्हाऊ दे फोटो. हाय ते काळीज हाय." मी समजावलं, आमच्या मंडळींनी डोळे वटारले, कशाचा उपयोग झाला नाही. त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा मला खरोखर भीती वाटली. तंत्रज्ञ मागून काकुळतीनं म्हणाला, "आजी, पाचच मिनिटं. हात डोक्यावर घेऊन नुसतं पडायचं."

मामी थांबल्या. "हात वर घ्यायचं हाईत? मग आदी सांगायचं की. पूजेला रोज हातावरच घेते." करडगं उघडून त्यांनी लिंग तळहातावर घेतलं, मूठ मिटली आणि हात डोक्यावर नेऊन आडव्या झाल्या; लिंग अंगावरच राहिलं आणि छाती फोटोला मोकळी झाली. श्वास किती वेळ रोखायचा, ते मात्र त्यांनी विचारून घेतलं. "दहा सेकंद? म्हंजे एक भाकर उलटायची." दाराबाहेर मामा रिकामं करडगं दोन्ही हातांत धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

फोटोत एक मोठी रक्तवाहिनी फार अरुंद झालेली दिसली. वेळेवर आलात, असं बाई म्हणाल्या आणि दोन दिवसांत तिथे स्टेंट बसला. आता मामींना वीस भाकऱ्यांची परवानगी आहे. पुढच्या मामा थापतात आणि त्यांच्या भाकरीत जिल्ह्याच्या नकाशातले सगळे तालुके स्वच्छ दिसतात. मामी पायरीवर बसून चुलीला आणि मामांना एकाच कानडीत रागावतात.

रोज सकाळी मी चहा घेऊन अंगणात बसतो आणि मोजतो. परवा मामींनी पकडलं. "मास्तर, भाकऱ्या मोजताय व्हय?" मी म्हटलं, गणिताची सवय. पण ती सवय खरी असती, तर चाळीस, तीस, अठरा, बारा हे माझ्या कानावर पडलं तेव्हाच मला धोका कळला असता. त्याची लाज वाटते, म्हणून मोजतो. विसावी भाकरी होते, मामींचा हात थांबतो, त्या पदराला हात पुसून हसत उठतात. तोवर चहा पार गार झालेला असतो. मी तो तसाच पितो.