न मेलेल्या माणसाच्या दारात मटण

डल्सी नोस्के गावात कुणालाही काहीही विचारी. पोट साफ होतं का, सून नांदते का, मेंढ्यांना उवा झाल्यात का. सत्तरी उलटलेल्या बाईला कोण अडवणार? पण एक प्रश्न तिच्या घशात अडकायचा, आणि नेमका तोच विचारायचं काम गावाने तिच्या गळ्यात घातलं होतं.

मॅली नावाच्या त्या गहू-मेंढ्यांच्या मुलखात एका हिवाळ्यात दोन पुरुषांनी जीव दिला. दोन्ही मयतांना जमलेल्या लोकांसाठी सँडविचेस डल्सीनेच कापली. दुसऱ्या वेळी तिने सुरी आपटली. "तिसऱ्याला मी पाव कापणार नाही. काय बघायचं ते माणूस जिवंत असताना बघा."

मग शहरातून एक गोड आवाजाची पोरगी हॉलमध्ये येऊन शिकवून गेली: शंका आली तर आडवळणं नकोत, सरळ विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि केक खाल्ला. शिवाय गावाने आपला एक नियम केला: शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर दिसेनासा होईल, त्याच्या घरी कुणीतरी जायचं.

मर्व्ह ट्रेलोर दिसेनासा झाला. बायको सोडून गेलेली, मेंढ्या विकलेल्या, आणि आता लाडकी कुत्रीही त्याने शेजाऱ्याला देऊन टाकली. गावाने डल्सीलाच धाडलं. ती गेली खरी, पण दार वाजवायचा धीर होईना. ओसरीवर मटणाचं झाकलेलं भांडं ठेवलं आणि चोरासारखी पळाली.

आता त्या मुलखात न सांगता दारात मटण ठेवतात ते एकाच प्रसंगी, घरातलं माणूस गेल्यावर. हे डल्सीला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर निम्म्या गावाची भांडी तिनेच पोचवलेली!

तासाभरात मर्व्ह तिच्या फाटकात हजर. भांडं हातात.

"कोण मेलं गं, म्हातारे?"

"कुणी नाही."

"मग हे काय, आगाऊ पोच?"

"खारट झालंय का?"

"डल्सी!"

तिने अॅप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

"मर्व्ह, जीव द्यायचा विचार करतोयस का?"

त्याने भांडं फाटकाच्या खांबावर टेकवलं.

"हो," म्हणाला.

आभाळ कोसळेल असं डल्सीला वाटलं होतं. ते जागच्या जागी राहिलं. त्या पोरीने पुढचं काय सांगितलं होतं, ते मात्र ती साफ विसरली.

"बरं. आज तुला एकट्याला सोडत नाही. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठाय?"

"खिशात."

"आण इकडे. हवालदाराकडे ठेवू. बस गाडीत, डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

"दवाखाना बंद होईल आता."

"करून तर बघू दे तिला!"

त्याने किल्ली दिली आणि गाडीत तिच्या शेजारी बसला. तिकडचे पुरुष समोरासमोर बसवले की मुके होतात; शेजारी बसवून नजर रस्त्याला लावून दिली, तरच तोंड उघडतं. मर्व्ह बोलू लागला. आणि डल्सी नोस्के, जिला नवऱ्याने उभ्या जन्मात गप्प बघितलं नव्हतं, गप्प बसली.

दवाखाना आला तरी त्याचं संपलं नव्हतं. डॉक्टरीण दारात येऊन उभी राहिली. डल्सीने तिला हातानेच थांबवलं.

"तू बोल रे," ती म्हणाली. "तिला थांबायचा पगार मिळतो."